घरात कोणाला कमी ऐकू येतं का?

मागच्या पावसाळ्यात आमच्या टीममधल्या एका मित्राला डेंग्यू झाला. पुण्यात राहणाऱ्यांना पुढचं काही सांगायला नको. ग्रुपवर रोज सकाळी एकच प्रश्न, "काउंट किती?" जणू मॅचचा स्कोअर. एक दिवस काउंट ४२,००० आला आणि सगळे कामाला लागले. कोणी पपईच्या पानांचा रस, कोणी किवी, कोणी ब्लड बँकेत ओळख काढतंय.

ताप उतरला, पठ्ठ्या ऑफिसला यायला लागला, दोन मजले जिने चढून चहाला यायला लागला. पण काउंट काही वर येईना. सहा आठवड्यांनीसुद्धा पन्नास हजारच. शेवटी रक्ताच्या स्पेशालिस्टकडे गेलो (गाडी माझी होती, म्हणून मीही). डॉक्टरांनी मशीनचा रिपोर्ट बाजूला ठेवला, स्वतः काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाच-सात मिनिटं पाहिला आणि मान वर करून विचारलं,

"घरात कोणाला कमी ऐकू येतं का?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग मित्र म्हणाला, "मामाला. चाळिशीपासून मशीन आहे त्याच्या कानात."

"आणि मामांच्या प्लेटलेट्स?"

"त्याही कमीच. त्यासाठी तर त्याची प्लीहा काढली होती ना. मी तेव्हा शाळेत होतो."

"काढल्यावर वाढल्या?"

"नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

कान कुठे, प्लेटलेट कुठे! पण या प्रश्नामागे तब्बल दीडशे वर्षांची गोष्ट आहे आणि गेले चार वीकेंड मी तीच वाचत बसलोय. आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. डिग्री मेकॅनिकलची, पोटासाठी जावा. त्यातून गोष्टीचा शेवट निघाला एका मोटरपाशी, मग काय, सोडवेना.

*

प्लेटलेट, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातली रक्तपट्टिका. लाल पेशी साधारण सात-आठ मायक्रॉनची, तर ही जेमतेम दोन-तीन. हिला केंद्रक नाही. आयुष्य आठ-दहा दिवसांचं. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असतात, त्यामुळे रोजची भर घालायला शरीराला दिवसाला सुमारे दहा हजार कोटी नव्या बनवाव्या लागतात. दहा हजार कोटी, रोज, सुट्टी न घेता. हे प्रॉडक्शन चालतं कुठे आणि कसं, हा साधा प्रश्न. "कुठे"चं उत्तर मिळायला १९०६ साल उजाडलं आणि "कसं"चं मिळायला जवळजवळ आणखी शंभर वर्षं गेली.

सुरुवात करू या जर्मनीतल्या बॉन शहरात, १८६५ साली. माक्स शुल्झं नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाला गरम ठेवता येईल असं एक टेबल बनवलं, म्हणजे रक्त शरीराच्या तापमानाला ठेवून बघता येईल. त्याला बघायच्या होत्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या आसपास बारीक बारीक रंगहीन गोळ्या दिसल्या, कुठे सुट्या, कुठे घोळक्याने. हा निरोगी रक्ताचाच भाग आहे, असं त्याने लिहिलं, ज्यांना रक्ताचा नीट अभ्यास करायचाय त्यांनी यांच्याकडे जरूर लक्ष द्यावं, असंही लिहिलं आणि स्वतः आपल्या कामाला निघून गेला. आम्ही कोडमध्ये "टूडू" अशी कमेंट टाकून पळतो ना, अगदी तसं.

आठ वर्षांनी लंडनमध्ये विल्यम ऑस्लर नावाच्या चोवीस वर्षांच्या कॅनेडियन डॉक्टरने ही कमेंट उचलली. (पुढे हा इंग्रजी बोलणाऱ्या जगातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध डॉक्टर झाला.) उंदराच्या पिल्लाच्या कातडीखालच्या बारीक शिरेत त्याला हे कण सुटे सुटे वाहताना दिसले, बाहेर काढलेल्या रक्तात मात्र त्यांचे गठ्ठे. म्हणजे गठ्ठा ही बाहेरची भानगड, आत ते एकेकटे असतात. हे निरीक्षण पहिल्या दर्जाचं होतं. पण १८७४ सालच्या त्याच्या निबंधाच्या शीर्षकात या कणांना "जीव" म्हटलंय. हे रक्ताचे घटक की कुठले जंतू, हे त्याला ठरवता आलं नाही. जंतूंचा शोध जोरात असण्याचा तो काळ, त्यामुळे जे बारीक दिसेल त्यावर पहिला संशय जंतूचाच.

पॅरिसला जॉर्ज हायेम यांनी १८७८ साली हे कण मोजलेसुद्धा, पण त्यांची ठाम समजूत होती की ही लाल पेशींची बाळं आहेत, मोठी झाली की लाल होतात. आणखी बरीच मतं होती. कोणी म्हणे फुटलेल्या पांढऱ्या पेशींचा चुरा, कोणी म्हणे रक्तातल्या प्रोटीनचा साका. सगळ्यांत समान धागा एकच, की हा कसला तरी उरलासुरला माल आहे.

आता खरा माणूस. जूल्यो बिझोझेरो, इटलीतल्या तोरिनोचा प्रोफेसर. १८८१-८२ मध्ये त्याने जिवंत गिनीपिगच्या आतड्याजवळच्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या आणि वाहत्या रक्तात हे कण पाहिले. मग वाहिनीच्या भिंतीला मुद्दाम इजा केली. इजेच्या जागी सगळ्यात आधी येऊन चिकटले ते हेच, आणि तिथेच गुठळी सुरू झाली. म्हणजे उरलासुरला माल नव्हे, तर काम असलेला रक्ताचा तिसरा स्वतंत्र घटक. त्याने त्यांना छोट्या ताटल्यांचं नाव दिलं, तेच इंग्रजीत प्लेटलेट झालं.

याच बिझोझेरोने वयाच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे १८६९ साली, हाडांच्या मज्जेत एक अवाढव्य पेशी पाहून तिचं वर्णन केलं होतं. मध्यभागी फुगे फुगे जोडल्यासारखं केंद्रक असलेली ती पेशी आणि बारा-तेरा वर्षांनी सापडलेल्या रक्तपट्टिका, ही गोष्टीची दोन्ही टोकं त्याच्या एकट्याच्या हातात होती आणि त्याने ती कधीच जोडली नाहीत. १९०१ साली तो गेला. शेवटच्या वर्षांत डोळ्यांच्या आजाराने त्याला सूक्ष्मदर्शक सोडावा लागला होता.

मला यावर हसू येत नाही. आपल्याच दोन फाइल्स उघड्या असतात, बग दोन्हींच्या मध्ये असतो आणि आपल्याला तो दिसत नाही, हे मी दर महिन्याला अनुभवतो. त्यातून एक मज्जेत, दुसरी रक्तात. एक शरीरातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी, पन्नास ते शंभर मायक्रॉनची, दुसरी दोन-तीन मायक्रॉनचा ठिपका. पेशी पेशीपासून होते, एकीच्या दोन होतात, हा त्या काळचा नवा आणि लाडका नियम. एकीच्या हजारो होतात आणि त्यांच्यात केंद्रकही नसतं, हे सुचावं तरी कसं?

*

सुचलं ते एका रंगामुळे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेम्स होमर राइट पॅथॉलॉजीचा प्रमुख होता. मेथिलीन ब्लू आणि इओसिन यांचं एक मिश्रण त्याने १९०२ साली जमवून आणलं, तोच राइटचा स्टेन. (आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये त्याच जातीचा लीशमनचा स्टेन वापरतात. लीशमन हा ब्रिटिश लष्करी डॉक्टर. काळा आजाराचा परजीवी त्याने याच रंगाच्या जोरावर पाहिला, आणि त्याचा चुलतभाऊ शोभेल असा परजीवी १९०३ मध्ये राइटने वर्णन केला. रंग बनवणाऱ्यांना काय काय दिसतं बघा.)

राइटच्या रंगात रक्तपट्टिका दोन भागांत उठून दिसली. कडेला फिकट निळा पट्टा आणि मध्ये लालसर-जांभळे दाणे. मग त्याने मज्जेचे पातळ काप त्याच रंगात बुडवले. त्या अवाढव्य पेशीतही अगदी तेच लालसर-जांभळे दाणे आणि कडेला तोच फिकट निळा पट्टा! (तिला एव्हाना नाव मिळालं होतं, मेगाकॅरिओसाइट, १८९० साली, अमेरिकेच्या विल्यम हॉवेलकडून.) आणि काही ठिकाणी या पेशीने लांब बोटासारखा हात काढून तो मज्जेतल्या रक्तवाहिनीच्या आत घातलेला होता. त्या हातापासून तुकडे सुटताना दिसत होते. वर त्याने आणखी एक मुद्दा मांडला, तो मला सगळ्यात आवडला. मेगाकॅरिओसाइट फक्त सस्तन प्राण्यांत असतात आणि बिनकेंद्रकाच्या रक्तपट्टिकाही फक्त सस्तन प्राण्यांतच. पक्षी, बेडूक, मासे यांच्यात गुठळीचं काम केंद्रकवाल्या साध्या पेशी करतात. हे सगळं १९०६ साली छापून आलं आणि सविस्तर १९१० मध्ये.

त्याच १९१० साली विल्यम ड्यूक या डॉक्टरने रक्तस्राव न थांबणाऱ्या रुग्णांना थेट दुसऱ्याचं रक्त दिलं, प्लेटलेट वाढल्या आणि रक्त थांबलं. पुन्हा कमी झाल्या, पुन्हा स्राव सुरू. ब्लड बँकेत आपण जी धावपळ करतो तिचं मूळ इथे आहे.

राइटने "कुठे" सोडवलं. "कसं" मात्र तसंच राहिलं. गंमत म्हणजे त्याचं चित्र जवळजवळ बरोबर होतं, पण पुढच्या पिढ्यांनी ते बाजूला ठेवलं. १९५७ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या पेशीच्या आत पाहिलं तेव्हा पातळ पडद्यांचं दाट जाळं दिसलं, पेशीचे चौकोन आखल्यासारखं. त्यावरून लोकांनी तर्क बांधला की रक्तपट्टिका आत आधीच आखलेल्या असतात, वेळ आली की पेशी त्या रेघांवर फुटते. आपण ताटात नारळाच्या वड्या थापतो, सुरीने रेघा मारतो आणि गार झाल्यावर सुट्या करतो, तसं. वाचायला इतकं सुटसुटीत की पटावंच. पुन्हा तोच जुना सूर, रक्तपट्टिका म्हणजे कशाचा तरी तुकडा.

१९७६ मध्ये उंदराच्या मज्जेत ते लांब हात पुन्हा दिसले, वाहिनीच्या भिंतीतून आरपार गेलेले. त्यांना "प्रोप्लेटलेट" हे नाव पडलं. १९८० च्या सुमाराला वड्यांच्या तर्काला उघड आव्हान मिळालं. आतलं जाळं म्हणजे कापायच्या रेघा नव्हेतच, तो तर कातडीचा साठा, लांब हात काढायला जास्तीचं आवरण लागतं ते तिथून येतं. पण भांडण मिटणार कसं? त्यासाठी ही पेशी जिवंत, समोर, काम करताना दिसायला हवी आणि ती काही केल्या बशीत वाढेना. ते जमलं १९९४ नंतर, जेव्हा तिला वाढवणारं हॉर्मोन, थ्रॉम्बोपोएटिन, एकदाचं हाती लागलं.

*

आता जरा वेगळ्या रुळावर जाऊ, कारण मोटरची गोष्ट तोपर्यंत दुसरीकडेच चालली होती, रक्ताशी काही संबंध न ठेवता.

पेशीत काही प्रोटीन अशी असतात की जी एटीपी हे इंधन जाळून चालतात. चालतात म्हणजे खरंच चालतात, पाय टाकत. यातलं सगळ्यात जुनं मायोसिन, १८६४ मध्ये विल्हेल्म क्यूने यांनी स्नायूंतून काढलेलं. दुसरं डायनीन. १९६५ साली इयान गिबन्स यांनी त्याला हे नाव दिलं, एका तळ्यातल्या एकपेशीय जिवाच्या हलणाऱ्या केसांतून काढून. तिसरं कायनेसिन, १९८५. त्याची कहाणी मजेशीर आहे. रॉन व्हेल हा स्टॅनफर्डचा विद्यार्थी आणि मायकेल शीट्झ यांना माकुळाच्या जाडजूड चेताततूवर काम करायचं होतं. पण १९८३ च्या एल निनोने कॅलिफोर्नियाचा समुद्र तापला आणि माकूळ मिळेनात. म्हणून दोघे उठून देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समधल्या वूड्स होलला गेले, आणि तिथे हे प्रोटीन सापडलं. समुद्र थंड राहिला असता तर कोण जाणे.

यांचा कारभार असा. पेशीत मायक्रोट्यूब्यूल नावाच्या पोकळ नळ्यांचे रूळ असतात. प्रत्येक रुळाला दिशा असते, एक अधिक टोक, एक उणे. कायनेसिन बहुतेक वेळा अधिक टोकाकडे चालतं, डायनीन उणेकडे. कायनेसिनचं पाऊल ८ नॅनोमीटरचं, दर पावलाला एक एटीपी. डायनीन जरा रांगडं आहे. २००४ मध्ये रूप मल्लिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ओझं नसलं की ते लांब ढांगा टाकतं आणि ओझं वाढलं की पाऊल आखडतं. सरळ गिअर टाकल्यासारखं! हे काम कॅलिफोर्नियातलं, पण मल्लिक नंतर आपल्या मुंबईत टीआयएफआरला आले. हा शोधनिबंध मी मेकॅनिकलच्या सगळ्या जुन्या मित्रांना पाठवला. एकानेच उघडला असावा.

दोन रूळ एकत्र आले ते पुन्हा बॉस्टनमध्ये. १९९९ साली जोसेफ इटालियानो, जॉन हार्टविग, रमेश शिवदासानी आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेगाकॅरिओसाइट बशीत वाढवून त्यांचं चित्रण केलं. पेशी गोल असते. मग एका बाजूने पसरते, जाड बोटं काढते, बोटं लांबत लांबत बारीक होतात, वाकतात, फांद्या फुटतात, आणि काही तासांत अख्खी पेशी म्हणजे मणी ओवलेल्या दोऱ्यांचा गुंता होऊन बसते. मध्ये उरतं ते रिकामं केंद्रक. रक्तपट्टिका तयार होतात त्या या दोऱ्यांच्या टोकांना. म्हणूनच फांद्या फोडायच्या, जितक्या फांद्या तितकी टोकं. एका पेशीपासून हजारो होतात त्या अशा. वड्या नव्हेत, फार तर सोऱ्यातून शेव पडावी तसं. राइट बरोबर होता.

फक्त सोऱ्याला वरून कोणीतरी दाबावं लागतं. इथे दाबतं कोण?

दोऱ्याच्या आत मायक्रोट्यूब्यूलची जुडी असते, टोकाला पोचून ती वळसा घालते आणि मागे फिरते. पहिला अंदाज असा की नळ्या टोकाला नवे तुकडे जोडून लांब होतात, त्यांच्या रेट्याने दोरा पुढे जातो. २००५ मध्ये त्याच गटाने हा अंदाज तपासला. औषध घालून नळ्यांची वाढ थांबवली. दोरा तरीही लांबतच राहिला! मग डायनीन निकामी केलं. दोरा थांबला.

म्हणजे काय होतं, तर शेजारशेजारच्या नळ्या उलटसुलट दिशांनी असतात आणि डायनीन एकीवर पाय रोवून दुसरीला ढकलतं. नळ्या एकमेकींवरून सरकतात, जुडी लांबते, तिच्यासोबत दोरा. घडीची शिडी उघडताना एक भाग दुसऱ्यावरून सरकवतो ना, तशी. २०१५ च्या कामाने हे पक्कं केलं.

कायनेसिनचं काम हमालाचं. रक्तपट्टिकेला केंद्रक नाही, म्हणजे पुढच्या आठ-दहा दिवसांत फार काही नवीन बनवायची सोय नाही, शिदोरी निघतानाच बांधून द्यायला हवी. मायटोकॉन्ड्रिया, गुठळीची रसायनं भरलेले दाणे (हो, राइटचे तेच लालसर-जांभळे दाणे) हे सगळं एकेक करून रुळांवरून टोकाकडे नेलं जातं. २००५ च्याच दुसऱ्या निबंधात हे चित्रण आहे. माल रुळांवरून चालतोय आणि त्याच वेळी रूळही सरकतायत. दाणे पुढे जातात, थांबतात, मागे येतात, पुन्हा पुढे. टोकाच्या वेटोळ्यात शिरला की दाणा मात्र तिथेच राहतो. लोकलमध्ये शिरलेल्या माणसासारखा :)

जाता जाता, हा कारखाना फक्त हाडात नाही. त्याच हॉवेलने १९३७ मध्ये लिहिलं होतं की प्लेटलेट फुप्फुसात बनत असाव्यात, आणि फारसं कोणी मनावर घेतलं नव्हतं. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने जिवंत उंदराच्या फुप्फुसात मेगाकॅरिओसाइट येऊन दोरे काढताना पाहिल्या. उंदरात तरी अर्ध्या प्लेटलेट तिथे सुटतात, असा त्यांचा हिशेब.

*

आता मामा.

डायनीन ढकलतं, कायनेसिन वाहतं, मग मायोसिन कशाला? तर मुख्यतः ब्रेक म्हणून. मायोसिन-टू-ए हे स्नायूंबाहेरच्या पेशींतलं मायोसिन मेगाकॅरिओसाइटला आवळून धरतं, म्हणजे मज्जेतच, वेळेआधी, दोरे सुटू नयेत. ब्रेक बिघडला की दोरे चुकीच्या जागी आणि घाईत निघतात. संख्या कमी, आणि निघतात त्या अवाढव्य, कधी कधी लाल पेशीएवढ्या.

१९०९ साली, म्हणजे राइटच्या दोन निबंधांच्या मधोमध, रिचर्ड माय नावाच्या जर्मन डॉक्टरने असं रक्त पाहिलं. मोठाल्या रक्तपट्टिका आणि पांढऱ्या पेशींत निळसर डाग. १९४५ मध्ये स्विस डॉक्टर हेग्लिन यांना एकाच घरातल्या माणसांत तेच दिसलं. पुढे कोणाला असेच रुग्ण बहिरेपणासह सापडले, कोणाला किडनीच्या आजारासह, कोणाला मोतीबिंदूसह, आणि प्रत्येकाला वेगळं नाव पडलं. २००० साली कळलं की हे सगळे एकच. बावीसाव्या गुणसूत्रावर एमवायएच-९ हा जीन आहे, तो मायोसिन-टू-ए बनवतो, त्यातली ही चूक. पांढऱ्या पेशींतले ते निळे डाग म्हणजे घडी बिघडून साचलेलं मायोसिन निघालं. माय यांनी ९१ वर्षं आधी मोटर पाहिली होती, ते काय आहे हे माहीत नसताना.

आतल्या कानात आणि किडनीच्या गाळणीतही हे मायोसिन कामाला असतं. तिथे झीज व्हायला वर्षं लागतात. रक्तपट्टिकांत मात्र या जातीचं दुसरं मायोसिनच नाही, बॅकअप शून्य, म्हणून तिथे जन्मापासून दिसतं. दिसतं, जर कोणी पाहिलं तर! कारण काउंटचं मशीन साधारणपणे आकारावरून ओळखतं. लहान ती प्लेटलेट, मोठी ती लाल पेशी. या मोठ्या रक्तपट्टिका मशीन मोजतच नाही किंवा लाल पेशींत ढकलतं. आकडा आहे त्याहून कमी येतो, घबराट होते. मग निदान बहुधा आयटीपीचं होतं, म्हणजे शरीर स्वतःच आपल्या प्लेटलेट मारतंय असं. त्याला आधी स्टेरॉइड, आणि नाहीच जमलं तर प्लीहा काढतात, कारण प्लेटलेट तिथे मारल्या जातात. पण इथे मारतंच कोणी नाही. बिघाड कारखान्यात आणि आपण पाडलं भंगाराचं दुकान.

मित्राच्या काचपट्टीवर डॉक्टरांनी हाताने मोजल्या तेव्हा नव्वद हजारांच्या वर निघाल्या. त्यांनी आम्हालाही दाखवलं. गुलाबी लाल पेशींच्या गर्दीत जांभळे ठिपके, आणि त्यातले दोन-तीन शेजारच्या लाल पेशीएवढे. एका पांढऱ्या पेशीत फिकट निळा डाग. "हा बघा," म्हणाले. मला तो आधी दिसलाच नाही, दुसऱ्यांदा बोट दाखवल्यावर दिसला. पुढे जीनची तपासणी केली, तिचा रिपोर्टही तेच म्हणाला.

मामांचं ऑपरेशन झालं ते १९९८ साली. म्हणजे जीन सापडायच्या दोन वर्षं आधी. मी हा हिशेब दोन-तीनदा करून पाहिला, कारण मला कोणावर तरी चिडायचं होतं. जीन माहीत नव्हता हे खरं. पण माय यांचा निबंध ८९ वर्षांचा होता आणि काचपट्टी, रंग, सूक्ष्मदर्शक हे सगळं त्या हॉस्पिटलातही असणारच. घरातल्या जुन्या फाइलीत मशीनचे चौदा रिपोर्ट निघाले. काचपट्टी पाहिल्याचा एकही नाही.

मित्राने सांगलीला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो. स्पीकरवर टाकावा लागतो, मामा मोठ्याने बोलतात. त्याने सगळं समजावून सांगितलं. मायोसिन वगैरे नाही, एवढंच की "मामा, तुझ्या प्लेटलेट मोठ्या आहेत, मशीनला मोजता येत नाहीत, आणि कानाचंही तेच कारण आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामा म्हणाले, "म्हणजे ते काढायला नको होतं?"

मित्र काही बोलला नाही.

"बरं," मामा म्हणाले, "किडनीची टेस्ट कुठली म्हणालास? आणि पोरीची पण करायची का?"

लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन, त्याने सांगितलं, दोघांचं. मामांनी "थांब, पेन घेतो," म्हणून फोन खाली ठेवला, आणि मग ते एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहून घेत होते ते आम्हाला ऐकू येत होतं.